वेळापत्रक आखणाऱ्यांनो, पावलं जुळण्याचा तास काढून घेऊ नका

शाळांचं वेळापत्रक ज्यांच्या हातात आहे त्या सर्व मुख्याध्यापकांना, पर्यवेक्षकांना आणि शाळा समित्यांच्या सदस्यांना,

सप्रेम नमस्कार.

मी शारीरिक शिक्षणाची शिक्षिका आहे. बावीस वर्षं मैदानावर उभी आहे. यंदा शाळा सुरू होण्याच्या आदल्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत नवं वेळापत्रक लागलं आणि त्यात सामूहिक कवायतीचे आठवड्याचे दोन तास नव्हते. त्या चौकटींत 'गणित, जादा तास' असं लिहिलेलं होतं. विचारायला गेले तेव्हा मला अगदी सौजन्यानं सांगण्यात आलं, "बाई, खेळाचा तास ठेवलाय ना आपण. कवायतीत मुलं नुसते हात वरखाली करतात. त्यातून ती शिकतात काय?"

प्रश्न रास्त होता. मला मात्र त्या क्षणी नीट उत्तर देता आलं नाही. व्यायाम होतो, शिस्त लागते असं काहीतरी बोलले आणि बाहेर आले. बाहेर आल्यावर कळलं की मी जे बोलले ते खरं कारण नव्हतंच. व्यायाम तर पळूनही होतो, आणि शिस्तीसाठी मी कधीच कवायत घेतली नव्हती. खरं कारण मला माहीत होतं, पण ते मी शब्दांत मांडलेलं नव्हतं. मग मी वाचायला घेतलं. ओळखीच्या इतर शिक्षकांनाही असंच ऐकून घ्यावं लागतं, म्हणून हे उत्तर एका शाळेला न पाठवता सगळ्यांसमोर ठेवते आहे.

आधी मैदानावर काय घडतं ते सांगते, कारण तुम्हा मंडळींना त्या वेळी तिथे उभं राहायला सवड नसते.

वर्ष सुरू होऊन आठवडा झालेला असतो. तुकड्या नव्यानं पाडलेल्या असतात, जुन्या जोड्या तुटलेल्या असतात. चाळीस मुलांना मी गोल उभं करते आणि एवढंच सांगते, माझ्याबरोबर टाळी वाजवा. पहिल्या टाळ्या पत्र्यावर गारा पडाव्यात तशा येतात, सुट्या, मागेपुढे. कोणी माझ्या हातांकडे बघतं, कोणी शेजाऱ्याच्या. सातव्या-आठव्या टाळीला आवाज दाटायला लागतो. आणि मग एक टाळी अशी येते की चाळीस जणांचा मिळून एकच आवाज होतो, स्वच्छ, कापल्यासारखा. त्या टाळीला मुलं दचकतात. एकमेकांकडे बघतात आणि हसतात. कोणी काही गंमत केलेली नसते, कोणी जिंकलेलं नसतं. दरवर्षी, प्रत्येक तुकडीत, ते हसू त्याच टाळीला येतं. वर्गशिक्षकांना जे महिनाभरात दिसतं, म्हणजे 'वर्ग आता जमला', त्याची पहिली खूण मला तिथे दिसते.

दुसरी गोष्ट एका मुलीची. वर्षाच्या मध्यात ती आमच्याकडे आली. वर्गाची भाषा तिला येत नव्हती. मधल्या सुट्टीत जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून राहायची. समोर दोन मुली लांब दोरी फिरवायच्या आणि बाकीच्या आत शिरून उड्या मारायच्या. ही लांबूनच बघायची. एक दिवस उठून जवळ आली. दोरी जमिनीवर आपटली की हिची टाच किंचित उचलली जाऊ लागली. मग खांदे पुढेमागे व्हायला लागले, आत्ता शिरू, आता नको, असे. दोरीचं एक टोक धरलेल्या मुलीनं तिच्याकडे पाहिलं आणि तोंडातून अवाक्षर न काढता दोरीचा वेग जरासा कमी केला. ही आत शिरली. पंधरा-वीस उड्या झाल्या असतील. दुसऱ्या दिवशी त्या मुली आपल्या बाकावर सरकून बसल्या होत्या आणि कडेला एकीपुरती जागा झाली होती.

हे सगळं आपल्या भाषेला केव्हाच ठाऊक आहे. दोन माणसांचं पटलं तर आपण म्हणतो त्यांचे सूर जुळले, ताळमेळ बसला. मदत करणाऱ्याला आपण खांद्याला खांदा लावून उभा राहिला म्हणतो. तोंडाला येईल ते बोलणाऱ्याला बेताल म्हणतो. जो इतरांचं भान ठेवत नाही त्याचा ताल सुटला, हे बोलीनं किती सहज ओळखलं आहे! पण वेळापत्रक बोलीभाषेवर ठरत नाही. म्हणून आता अभ्यासकांनी काय तपासून पाहिलं आहे त्याकडे वळते.

२००९ साली स्कॉट विल्टरमथ आणि चिप हीथ या दोन संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. तिघा-तिघांच्या गटांना विद्यापीठाच्या आवारात फेरी मारायला लावली. काही गट पावलाला पाऊल जुळवून चालले, बाकीचे आपापल्या चालीनं. परत आल्यावर सगळ्यांना एक खेळ दिला. त्यात प्रत्येकानं इतरांना न विचारता एक आकडा निवडायचा. सगळ्यांनी मोठा आकडा निवडला तर सगळ्यांचा फायदा, पण एकानं जरी लहान निवडला तर मोठा निवडणाऱ्यांचं नुकसान. म्हणजे दुसऱ्यावर भरवसा असेल तरच मोठा आकडा निवडायचं धाडस होतं. पावलं जुळवून चालून आलेल्यांनी मोठे आकडे निवडले. मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं ते पुढचंच. ही माणसं इतरांपेक्षा जास्त खूश झालेली नव्हती. त्यांना मजा आली म्हणून ती उदार झाली, असं म्हणायला जागा नव्हती. एकत्र पडलेल्या पावलांनीच काहीतरी केलं होतं.

त्याच वर्षी मायकल होव आणि जेन रायझन यांनी याहून लहान हालचाल घेतली, बोटानं टिचकी मारण्याची. माणूस पडद्यावरच्या ठोक्याबरोबर बोट आपटत होता आणि शेजारी बसलेली संशोधक कधी त्याच्याच वेळेत, तर कधी वेगळ्या वेळेत बोट आपटत होती. वेळ जुळली त्यांना ती अधिक आवडली. नुसत्या यंत्राच्या ठोक्याशी बोट जुळलं तेव्हा मात्र तसं काही झालं नाही. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण कवायतीच्या जागी भिंतीवरच्या पडद्यावर व्यायामाची चित्रफीत लावून द्यावी, एका शिक्षकाची बचत होईल, ही सूचनाही माझ्या कानावर आली आहे. अडीच ते साडेचार वर्षांच्या मुलांवर सेबास्टियन किर्शनर आणि मायकल टोमासेलो यांनी केलेल्या प्रयोगात असंच दिसलं. ढोलकं वाजवताना समोर जिवंत माणूस असला की मुलं ठेका जास्त चांगला धरत होती. यंत्र वाजवत असलं किंवा नुसता आवाज येत असला की कमी. पडद्यावरचा माणूस मुलासाठी थांबत नाही. दोरी फिरवणाऱ्या मुलीनं वेग कमी केला तसा तो करू शकत नाही.

याच दोघांनी २०१० मध्ये चार वर्षांच्या ९६ मुलांना जोडीजोडीनं खेळायला लावलं. अर्ध्या जोड्यांनी गात, वाजवत, ठेक्यावर चालत खेळ खेळला. उरलेल्यांनी तोच खेळ गाण्या-वाजवण्याशिवाय. नंतर एका मुलाच्या नळीतल्या गोट्या सांडतील अशी व्यवस्था केली. गात-वाजवत खेळलेली मुलं आपल्या जोडीदाराच्या गोट्या वेचायला जास्त धावली. वॉशिंग्टन विद्यापीठात टाल-चेन राबिनोविच आणि अँड्र्यू मेल्टझॉफ यांनी चार वर्षांच्या दोन-दोन मुलांना झोपाळ्यांवर बसवलं. ज्यांचे झोके एकदम गेले-आले, त्यांना नंतर एकमेकांबरोबर करायची कामं अधिक सफाईनं जमली. दोघांनी एकाच क्षणी बटण दाबायचं हे त्यांतलं एक.

आणि याहूनही लहान मूल हवं असेल तर चौदा महिन्यांचं बाळ घ्या. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात लॉरा सिरेली, लॉरेल ट्रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाळाला झोळीत घेऊन संगीतावर हलवलं, आणि समोर उभ्या असलेल्या बाईनं त्याच वेळेत किंवा वेगळ्या वेळेत गुडघ्यांत वाकून झोके घेतले. दोन-तीन मिनिटांचा खेळ. मग त्या बाईच्या हातून कपड्यांचे चिमटे वगैरे वस्तू 'चुकून' पडल्या. जी बाळं तिच्याबरोबर हलली होती ती तुरुतुरु जाऊन त्या वस्तू उचलून द्यायला जास्त पुढे आली. ज्याला धड बोलता येत नाही, ज्याला सहकार्याचा धडा कोणी शिकवलेला नाही, ते बाळ हे करतं.

या प्रयोगातली आणखी एक बारीक गोष्ट मी माझ्या वहीत लाल पेनानं लिहून ठेवली आहे. बाई खाली असताना बाळ वर आणि बाई वर असताना बाळ खाली, अशी उलटी हालचाल केली तरी मदत तितकीच वाढली. ठेका एक होता, तेवढं पुरलं. म्हणजे सगळ्यांचे हात एकाच उंचीवर, एकाच कोनात असायलाच हवेत असं नाही. चाकांच्या खुर्चीतला मुलगा पाय आपटू शकत नसेल तर त्या ठोक्याला त्यानं मांडीवर थाप मारावी. ज्या मुलीला ऐकू येत नाही तिला लाकडी जमिनीवर अनवाणी उभं करा, ढोलाचा ठोका तिच्या तळव्यांतून वर येतो. माझ्या तासाला अशी मुलं बाहेर बसलेली नसतात. खेळाच्या तासाला ती बऱ्याचदा कडेला बसून गुण मोजत असतात, म्हणून 'खेळाचा तास ठेवलाय ना' हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. खेळ मलाही प्रिय आहे, पण त्यात कोणीतरी हरतं आणि कोणीतरी शेवटी निवडलं जातं. सगळे एकाच बाजूला असण्याचा शाळेतला हा एवढाच तास होता.

शरीरात नेमकं काय होतं, हे विचारणारे पालकही भेटतात. ऑक्सफर्डमध्ये एमा कोहेन, रॉबिन डनबार आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये वल्हवणाऱ्या खेळाडूंना व्यायामयंत्रावर एकेकटं आणि मग गटात वल्हवायला लावलं. मेहनत तेवढीच होती, पण गटात वल्हवल्यानंतर त्यांची वेदना सोसण्याची ताकद जास्त वाढलेली आढळली. दंडावर रक्तदाबाचा पट्टा आवळत नेऊन ती मोजली होती. मेंदूत तयार होणारी एंडॉर्फिन नावाची रसायनं वेदना कमी करतात आणि माणसाला माणसाजवळ असताना बरं वाटण्याशीही त्यांचा संबंध आहे, म्हणून या संशोधकांचा रोख त्यांच्यावर आहे. पुढे २०१५ मध्ये ब्रॉनविन टार यांनी ब्राझीलमधल्या २६४ शाळकरी मुलांना तिघा-तिघांच्या गटांत नाच करायला लावून दमणं आणि जुळणं यांचा परिणाम वेगवेगळा करून पाहिला. दोन्हींचा आपापला परिणाम निघाला. दमछाक न होता नुसती बसून केलेली हालचाल जुळली तरी जवळीक वाढत होती. दुसरं स्पष्टीकरण लक्षाचं आहे. जुळवून घ्यायचं म्हणजे पुढच्या क्षणी दुसरा काय करणार याचा अंदाज सतत बांधायचा, आणि तो खरा ठरला की 'हा मला कळतो' असं वाटायला लागतं. मला स्वतःला हे दुसरं जास्त पटतं, कारण जुळण्याआधी मुलांचे डोळे कसे शेजाऱ्याकडे धावतात ते मी रोज बघते.

इतिहासकार विल्यम मॅकनील यांना १९४१ मध्ये अमेरिकेच्या सैन्यात भरती व्हावं लागलं. टेक्ससमधल्या छावणीत शिकवायला शस्त्रंच पुरेशी नव्हती, म्हणून अधिकारी या तरुणांना तासन्‌तास संचलन करायला लावत. इतकं निरर्थक काम दुसरं नसेल, असं त्यांना वाटायला हवं होतं. पण सगळ्यांबरोबर पाय टाकताना आपण आपल्याहून मोठे झालो आहोत अशी एक भावना त्यांच्यात भरून आली आणि ती ते विसरले नाहीत. पन्नासहून अधिक वर्षांनी, १९९५ मध्ये, त्यांनी नाच आणि कवायत यांनी माणसांचे समूह कसे बांधले यावर एक पूर्ण ग्रंथ लिहिला. समूहानं एकत्र येऊन काही केलं की माणसांत जे उधाण येतं त्याबद्दल समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी १९१२ मध्येच लिहून ठेवलं होतं. मॅकनील यांनी ते पायांत शोधलं.

सैन्याचा उल्लेख आल्यावर काही जण सावध होतील. व्हायलाच हवं. मी हे पत्र अर्धवट सत्य सांगून जिंकू इच्छित नाही. त्याच विल्टरमथ यांनी २०१२ मध्ये आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना प्रयोगकर्त्याच्या पावलाशी पाऊल जुळवून चालवलं आणि मग त्यानंच त्यांना जिवंत किडे चिरडून मारणाऱ्या यंत्रात टाकायला सांगितलं. पाऊल जुळवून आलेल्यांनी जास्त किडे टाकले. २०१४ मध्ये डॅनियल फेसलर आणि कॉलिन होलब्रुक यांना असं दिसलं की बरोबरीनं पावलं टाकत चालणाऱ्या पुरुषांना समोरचा शत्रू लहान आणि कमजोर वाटतो. म्हणजे ही शक्ती आंधळी आहे. ती माणसांना एकमेकांशी बांधते, आणि कोणाविरुद्ध, कशासाठी हे ती पाहत नाही. ते पाहणं आपलं काम आहे.

इथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे.

नोकरीच्या आठव्या की नवव्या वर्षी मी स्नेहसंमेलनासाठी शंभर मुलांची कवायत बसवत होते. रांगेत एक मुलगा होता, प्रत्येक ठोक्याला पाव क्षण मागे. हात वर जायचे तेव्हा त्याचे निम्म्यावर असायचे. पाहुणे येणार होते, छायाचित्रं निघणार होती. मी त्याला रांगेतून काढलं आणि पडद्याची दोरी ओढायचं काम दिलं. 'महत्त्वाचं काम आहे' असंही सांगितलं. कार्यक्रमात शंभरावी जागा बुजवून नव्याण्णव मुलं अशी हलली की टाळ्या थांबेनात. तो दोरी हातात धरून विंगेत उभा होता आणि त्याचे पाय, पाव क्षण मागे, सगळी कवायत करत होते. कार्यक्रम संपल्यावर नव्याण्णव जण एकमेकांच्या गळ्यात पडले. तो दोरी गुंडाळत होता. त्यांच्यात जे निर्माण झालं होतं ते मीच निर्माण केलं होतं, आणि त्याला त्याच्या बाहेर ठेवणारीही मीच होते. त्यानंतर वर्षअखेरपर्यंत तो त्या मुलांत मिसळला नाही. आज कोणी मला सुबक रांगांचं कौतुक सांगतं तेव्हा मला विंगेतले ते पाय दिसतात.

म्हणून मी जो तास परत मागते आहे तो तेव्हाचा तास नाही. पाहुण्यांसाठी बसवलेली कवायत मला नको आहे. शिक्षा म्हणून मैदानाला मारायला लावलेल्या फेऱ्याही नकोत. ज्या हालचालीशी मुलाच्या मनात अपमान जोडला गेला तिच्यातून आपुलकी कशी उगवेल? मला हवी आहेत रोजची दहा मिनिटं. दहा मिनिटं जमत नसतील तर आठवड्याचे ते दोन तास तरी. त्यात सगळी मुलं असतील, पाव क्षण मागे असणारीसुद्धा, आणि ठेका त्यांच्यासाठी खाली येईल.

ठेका खाली आणण्यामागेही शास्त्र आहे. टाळ्यांच्या कडकडाटात प्रेक्षक अचानक एका लयीत कसे येतात हे झोल्तान नेदा आणि सहकाऱ्यांनी नाट्यगृहांत ध्वनिमुद्रण करून तपासलं. २००० साली ते प्रसिद्ध झालं. माणसं लयीत येतात तेव्हा ती टाळ्यांचा वेग जवळजवळ निम्म्यावर आणतात. घाईनं टाळ्या वाजवताना प्रत्येकाचा वेग फार वेगवेगळा असतो, सावकाश वाजवताना तो फरक कमी होतो आणि जुळणं सोपं जातं. माझ्या मैदानावर मी हे वर्षानुवर्षं अंदाजानं करत आले. नवीन तुकडीला वेग देऊ नये. सावकाश सुरू करावं, आणि मुलांनी तो आपणहून वाढवला तर वाढू द्यावा.

तास कधी ठेवायचा याबद्दलही एक सांगते. एली पिअर्स, जॅक लॉने आणि डनबार यांनी प्रौढांच्या वर्गांचा सात महिने अभ्यास केला. काही वर्ग समूहगायनाचे होते, काही हस्तकला आणि लेखनाचे. गाणाऱ्यांची एकमेकांशी जवळीक पहिल्याच महिन्यात झपाट्यानं वाढली. सात महिन्यांअखेर मात्र सगळे वर्ग सारखेच जवळ आलेले होते. याचा अर्थ कोणी असाही लावेल की शेवटी सारखंच होणार असेल तर गरज काय? मी शाळेत असते म्हणून मला तो अर्थ पटत नाही. मोठी माणसं आवडीनं लावलेल्या वर्गाला येतात, कंटाळली तर सोडून जातात. मुलाला तुकडी नेमून दिलेली असते. पहिल्या महिन्यात जे मूल एकटं पडलं त्याच्यावर 'एकटं मूल' हा शिक्का बसतो आणि मग सातव्या महिन्यापर्यंत थांबायला त्याच्यात त्राण उरत नाही. वर्षाच्या सुरुवातीला हे तास जास्त हवेत. परीक्षा जवळ आल्यावर कमी केलेत तर मी भांडणार नाही.

आणि तुकड्या मिसळू द्या. तुकडी 'अ' आणि तुकडी 'क' यांच्यातलं वैर किती लवकर रुजतं हे तुम्हीही पाहिलं आहे. बहार तुंचगेंच आणि एमा कोहेन यांनी २०१६ मध्ये शाळकरी मुलांचे मुद्दाम दोन गट पाडले आणि मग दोन्ही गटांतल्या मुलांना मिळून हालचाली करायला लावल्या. हालचाली एकाच वेळेत झाल्या तेव्हा पलीकडच्या गटातली मुलंही त्यांना जास्त जवळची वाटू लागली. ज्या शक्तीनं शत्रू लहान दिसतो तीच शक्ती भिंतही पाडते. रांगेत कोणाला कोणाशेजारी उभं करायचं एवढाच तो फरक आहे, आणि ते ठरवायला पैसे लागत नाहीत.

हे प्रयोग जादूचे नाहीत हेही स्पष्ट लिहिते. त्यांतले बरेच लहान गटांवर झाले, परिणाम मध्यम आहेत, आणि संशोधकाला काय अपेक्षित आहे याचा सुगावा लागून माणसं तशी वागली असतील का, ही शंका अभ्यासकांनीच उपस्थित केली आहे. एका टाळीनं छळवणूक थांबत नाही. ज्या वर्गात शिक्षकच एखाद्या मुलाचा पाणउतारा करतात तिथे मी कितीही ठेके धरले तरी उपयोग नाही. पॉल रेडिश आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगांत दिसलं की आपण मिळून हे जुळवतो आहोत असं उद्दिष्ट मुद्दाम समोर असलं की सहकार्य सर्वांत जास्त वाढतं. म्हणजे नुसते हात हलून भागत नाही, एकमेकांसाठी हलावे लागतात. तुमचा 'नुसते हात वरखाली' हा आक्षेप त्या अर्थानं बरोबर होता, आणि काही तास मी तसे घेतलेही असतील.

गणिताच्या जादा तासाशी माझं भांडण नाही. पण गटात गणित सोडवताना 'मला कळलं नाही' असं म्हणायला मुलाला शेजाऱ्याचा भरवसा वाटावा लागतो. तो भरवसा कुठल्या तासाला तयार होतो, हे वेळापत्रकात कुठेच लिहिलेलं नसतं.

माझी विनंती अशी. निर्णय घेण्याआधी एकदा मैदानावर या. खुर्ची टाकून बसू नका, मुलांच्या गोलात उभे राहा, दोन मुलांच्या मधे. मी टाळी सुरू करेन. पहिल्या टाळ्या विस्कळीत येतील आणि तुमचा हात चुकेल. मग उजवीकडचं मूल तुमच्या हातांकडे बघेल आणि तुम्हाला कळेल असा स्वतःचा हात थोडा मोठा उचलेल. तुमच्यासाठी. तिथून पुढचं मी सांगण्याची गरज पडेल असं मला वाटत नाही. सकाळी पहिल्या तासाआधी मी रोज मैदानावर असते.

आपली नम्र,
एक शारीरिक शिक्षण शिक्षिका